साडी गार्डचे राहिलेले वेल्डिंग

मी, पंढरीनाथ सखाराम चिंदरकर, वय ५९, पूर्वी गिरणीत फिटर, हल्ली घरगुती दुरुस्तीची कामे, राहणार दुसरा मजला, रामेश्वर कृपा सोसायटी, नवघर, भाईंदर पूर्व, आज स्वखुषीने माझ्या पश्चातची व्यवस्था या कागदावर लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी कालच तपासून लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. हात मात्र बारा फेब्रुवारीपासून थरथरतो. अक्षर वेडेवाकडे आले म्हणून कोणी दबाव आणला असा अर्थ काढू नये. वकीलसाहेब टाइप करून देणार होते, मीच नको म्हटले. यातले काही टाइपिस्टसमोर बोलण्यासारखे नाही.

१. वरील पत्त्यावरची सदनिका मी १९९४ साली स्वकष्टाने घेतली आहे. माझ्या पश्चात ती माझी पत्नी सौ. मनोरमा हिची व तिच्या पश्चात आमची एकुलती एक मुलगी सौ. क्षितिजा हिची. मनोरमाच्या हयातीत तिला कोणी ‘आमच्याकडे येऊन राहा’ म्हणून हे घर बंद करायला लावू नये. खिडकीजवळची शिलाई मशीन जागची हलवू नये. नवघरपासून इंद्रलोकपर्यंतच्या बायका मनोरमाकडे ब्लाउज शिवायला टाकत. आता तिच्या डाव्या हाताची दोन बोटे नाहीत, तो खांदा वर जात नाही आणि उजवे मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे. मशीन ठेवायची की द्यायची, हे तीच ठरवील.

२. पोस्टातली व बँकेतली शिल्लक सर्व मनोरमाची. नॉमिनी तीच आहे.

३. माझी काळी शंभर सीसीची मोटरसायकल कोणालाही देत नाही. ती भंगारात घालावी, आणि घालण्यापूर्वी तिचे मागचे चाक काढून मोडून टाकावे.

या गाडीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. गाडीला जे जे बाहेरून बसवले ते मी घरीच बसवले. लेग गार्ड, कॅरिअर, जास्तीचा हॉर्न, इंडिकेटरचा बझर, सीट कव्हर. शोरूमवाल्याने बसवलेला साधा मडफ्लॅपसुद्धा मी काढून पुन्हा माझ्या पद्धतीने बसवला होता. रविवारी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पोते अंथरून बसलो की बिल्डिंगमधली पोरेबाळे, बापे सगळे आपापल्या गाड्या घेऊन येत. सेक्रेटरी श्री. जयकुमार शहा यांनी ‘कंपाउंड है, गॅरेज नहीं’ अशी नोटीस बोर्डावर लावली होती. त्यावरून मी त्यांच्याशी दोन वर्षे नीट बोललो नाही. ते बरोबर होते, हे येथे नमूद करतो.

जानेवारीत मी कामाची हत्यारे न्यायला पत्र्याची एक पेटी आणली आणि गाडीच्या डाव्या बाजूला मागे बसवली. पेटीचा क्लॅम्प साडी गार्डच्या दांडीवर येत होता. मी साडी गार्ड काढले. ते चार इंच कापून, नवी पट्टी वेल्ड करून परत बसवायचे होते. कापायचे काम मी घरी केले. वेल्डिंग मशीन माझ्याकडे नाही.

मनोरमाने दुसऱ्याच दिवशी विचारले होते, “अहो, चाकावरची जाळी कुठे गेली?”

“बसवतो,” मी म्हटले. “तोवर पदर आवरून बस.”

४. वेल्डिंग मशीन माझा धाकटा भाऊ आत्माराम याच्याकडे आहे. काशीमीऱ्याला हायवेलगत त्याचे गॅरेज आहे. अर्ध्या तासाचे काम होते, पण मी तिथे जात नव्हतो.

त्याचे कारण असे. १९९७ साली गिरणी बंद झाली तेव्हा आत्मारामने मला गॅरेजवर बोलावले. अकराव्या दिवशी एका ट्रकवाल्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, “ये कौन है?” आत्माराम इंजिनात डोके घालून होता. तो वर न बघताच म्हणाला, “अपना आदमी है, कर देगा.”

भाई है, असे म्हणाला नाही. मी हातातला पाना खाली ठेवला आणि काळे हात तसेच घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी तो मला न्यायला आला. मनोरमा दार उघडायला उठली, तिला मी बसवले. तो बराच वेळ बाहेर उभा होता. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या त्या शब्दांचा दुसराही अर्थ होतो, हे मला आता या वयात कळते आहे.

माझे सर्व पाने, टॅप-डायचा सेट, व्हर्नियर व ड्रिल मशीन आत्मारामला द्यावे. तो घेत नसेल तर पुन्हा विचारावे.

५. आता जे सांगण्यासाठी मी हा कागद लिहायला घेतला ते.

रविवार, बारा फेब्रुवारी २००६. सकाळचे साडेदहा-अकरा. आम्ही दोघे घोडबंदरला एका साखरपुड्याला निघालो होतो. मनोरमा चॉकलेटी रंगाची सिल्कची साडी नेसली होती, एका बाजूला बसली होती. काशीमीऱ्याला हायवेवर वळलो की डाव्या हाताला आत्मारामचे गॅरेज येते. तिथून जाताना मी नऊ वर्षे मान उजवीकडे करत आलो. त्या दिवशीही केली.

मागून हाक आली. “दादा, रव! दादा, रव!”

रव म्हणजे थांब. आम्ही मालवणकडचे, लहानपणी नदीवर जाताना मी पुढे पळालो की तो असाच ओरडायचा. आवाज कोणाचा, हे मला पहिल्याच अक्षराला कळले. तो आणखीही काही ओरडत होता. ‘साडी’ हा शब्द मी ऐकला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण ‘दादा, रव’ मी ऐकले. माझ्या मनात आले, आता बरा आठवला दादा. आणि मी थांबलो नाही. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला.

मग गाडीला मागून हिसका बसला. मला वाटले टायर बसला. गाडी वीसेक फूट पुढे जाऊन बंद पडली. मी उतरलो आणि खाली वाकून आधी चाक बघितले. फिटरची सवय. चाकात चॉकलेटी कापड घट्ट गुंडाळले होते, आणि ही कोणाची साडी, असा प्रश्न मला खरोखर पडला. मग त्या कापडाच्या मागे मला मनोरमा दिसली. तिचा हात आऱ्यांत होता.

आत्माराम पत्रा कापायची कात्री घेऊन धावत आला. त्याने गळ्याजवळ पदर कापला, तेव्हा तिला श्वास आला. आरे त्याने कापले, हात त्याने सोडवला, समोरून जाणारा टेम्पो त्याने अडवला. मी रस्त्यात उभा होतो. माझ्या हातात तिची एक चप्पल होती, ती कधी उचलली ते आठवत नाही. तिच्या डोक्याला चौदा टाके पडले. बोटांचे डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितले.

पोलिसांनी आत्मारामला विचारले, “तुम्ही ओरडलात तर यांनी गाडी का नाही थांबवली?” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “साहेब, ट्रक चालले होते. दादाला ऐकू गेलं नसणार.” हवालदाराने ते लिहून घेतले. मी खाली सही केली.

ते खोटे आहे. मला ऐकू आले होते.

६. दवाखान्यातून मनोरमाला घरी आणल्यावर मी बिल्डिंगमधल्या सगळ्या मोटरसायकली बघितल्या. एकवीस गाड्या. चार गाड्यांची साडी गार्डे मी माझ्या हाताने काढून दिली होती, कोणाला गाडी स्पोर्टी दिसायला हवी होती म्हणून, कोणाला जाड टायर बसवायचा होता म्हणून. चारही घरी जाऊन मी पाया पडलो आणि गार्डे परत बसवली. तिसऱ्या मजल्यावरचा नीरज म्हणाला, “काका, लूक जाईल.” मी त्याला आमच्या घरी नेले आणि मनोरमाच्या समोर बसवले. तो खाली येऊन स्वतःच पाना धरून उभा राहिला. ही गार्डे कोणी काढू नयेत, एवढी माझी विनंती सोसायटीने सभेच्या वहीत लिहून घ्यावी.

७. हे कलम आज सह्या होण्यापूर्वी वाढवले आहे.

मेल्यावर हा कागद वाचला जावा आणि तोवर मी हिच्यासमोर बसून चहा पीत राहावे, हे मला जमेना. म्हणून आज सकाळी मी पाचवे कलम मनोरमाला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, “मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“मीपण ऐकलं होतं भावजींना. तुमच्या खांद्यावर हात ठेवला होता मी, थांबा म्हणून. तुम्ही आणखी जोरात काढलीत.”

खांद्यावरचा हात मला आठवतो. वेगाला घाबरून धरले असेल, असे वाटले होते. म्हणजे आठ आठवडे ती हे मनात ठेवून माझ्या हातून जेवत होती, माझ्याकडून वेणी घालून घेत होती. मी विचारले, “बोलली का नाहीस?”

“कोणाला सांगणार? पोलिसांना? पोरीला?” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. रोज वाटायचं, आज सांगतील.”

मी कागद फाडू का म्हणून विचारले. ती म्हणाली, “फाडू नका. क्षितिजा जेवायला येतेय. भावजींनाही बोलवा. मी नाही, तुम्ही फोन करा. आणि दोघांच्या समोर वाचा.”

त्याप्रमाणे फोन केला. आत्माराम आला. दाराबाहेर चपला काढून उभा राहिला, मी आत ये म्हटल्यावर आला. जेवणाआधी मी सर्व वाचून दाखवले. आत्माराम खाली मान घालून ऐकत होता, मग उठून त्याने स्वतःच पाट मांडले. क्षितिजाने आईला भात कालवून भरवला, तोंड पुसले, आणि माझ्याशी न बोलता मीरा रोडला तिच्या घरी निघून गेली. खिडकीतून मी रिक्षा वळेपर्यंत पाहिले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आत्मारामने करावी. कोणतेही कलम क्षितिजाला मान्य नसेल तर तिचे म्हणणे खरे धरावे. मरणाची मला घाई नाही. ती एकदा माझ्याशी बोलेपर्यंत, शिव्या देण्यासाठी का होईना, मला जगायचे आहे.

वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला, वाचला, खरा आहे. पुढील दोघांच्या समक्ष सही केली आहे व त्यांनी माझ्या समक्ष केली आहे.

पंढरीनाथ सखाराम चिंदरकर (सही)

साक्षीदार
१. जयकुमार शहा, सेक्रेटरी, रामेश्वर कृपा सोसायटी (सही)
२. सुभाष राऊळ, पहिला मजला, रामेश्वर कृपा सोसायटी (सही)

ठिकाण: नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक: ९ एप्रिल २००६, रविवार, सायंकाळी पाच