ई फ्लॅटमध्ये फ्लॅट नसतात

३ मार्च
गायकवृंदात एकोणीस वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर हिला पहिल्यांदाच एकटीने गायला मिळणार. नेमका पियानोवाल्याचा हात मोडला. म्हणालो, साथ मी करतो. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकानेच. कार्यक्रम २९ला. कुणाचा तरी जुना कीबोर्ड विकत आणून दुकानात चष्म्यांच्या काउंटरमागे मांडला.

६ मार्च
पियानोच्या बाईंकडे पहिला तास. गाणं ई फ्लॅट मेजरमध्ये. म्हणजे बी, ई आणि ए हे तीन सूर फ्लॅट, म्हणजे एक घर उतरलेले, तिन्ही काळ्या पट्ट्यांवर. बाईंनी एक वर्तुळ काढलं. सी पासून एका बाजूला गेलं की एकेक शार्प, म्हणजे चढा सूर, वाढतो, दुसऱ्या बाजूला एकेक फ्लॅट. सोपं आहे. रविवारपर्यंत पाठ.

९ मार्च, रविवार
पाठ नाही. वर्तुळाला सुरुवातच नसेल तर माणसाने शिरायचं कुठून?

१२ मार्च
दुसरा तास. सी मायनर हा ई फ्लॅट मेजरचा नातेवाईक. फ्लॅट तेच तीन, स्वभाव मात्र रडका. धाकट्या मेव्हण्याची आठवण झाली. बाकी तास त्यातच गेला.

१५ मार्च, दु. ३
शोध लागला. हिचं रेकॉर्डिंग लावून कानाने एकेक सूर शोधला. अख्खं गाणं पांढऱ्या पट्ट्यांवर बसतं. तीनदा तपासलं. ई फ्लॅटमध्ये फ्लॅट नसतातच. लोक उगाच पिढ्यान्‌पिढ्या काळ्या पट्ट्यांवर बोटं मोडतायत.

१६ मार्च
बाईंना फोन. म्हणाल्या, माझ्या पियानोवर वाजवून दाखवा. मी साफ नकार दिला. हेवा वाईट. क्लास बंद. बाईंनी दिलेल्या पुस्तकाच्या प्रकाशकांना चार पानी पत्र टाकलं.

२१ मार्च
ही दुकानात आली. दोनदा गायली, मी वाजवलं. चपखल. हिचे डोळे भरून आले. एका गिऱ्हाइकाने नंबर तपासायचा सोडून टाळ्या वाजवल्या. बाई काय म्हणतात, हिने विचारलं. म्हणालो, त्यांच्याकडे शब्द नाहीत.

२९ मार्च, सकाळ
हॉलवाले म्हणतात कीबोर्ड आणू नका, आमचा मोठा पियानो आहे. शेवटी कुणीतरी ओळखलं.

३० मार्च
काल वृंदाने पहिली ओळ साथीशिवाय म्हटली. तोच सूर धरून ही पुढे निघाली. मग मी दोन्ही हात ठेवले. ही एका गावाला, मी भलत्याच. वाटलं, घाबरून चुकतेय बिचारी, म्हणून तिला सावरायला आणखी जोरात वाजवलं. वृंदाचे संचालक आले आणि हळूच पियानोचं झाकण लावू लागले. बोटं वेळेत काढली. ही न थांबता एकटी शेवटपर्यंत गायली. सगळा हॉल उठून उभा राहिला. मीही राहिलो. काय गाते ही.

आज बाई दुकानात आल्या. कीबोर्डचं एक बटण दाबलं. आधीच्या मालकाने सगळे सूर तीन घरं वर सरकवून ठेवले होते. मी सी दाबायचो, वाजायचा ई फ्लॅट. पत्र टपालात हरवलं असेल, अशी आशा आहे.

२ एप्रिल
पुढच्या महिन्यात हिला पुन्हा एकटीने गायला बोलावलंय. पियानोवाल्याचं प्लास्टर निघालं. म्हणालो, निदान त्याच्या शेजारी बसून पानं उलटतो. तेवढं मला नक्की जमेल.

ही मायेने म्हणाली, "अहो, या ना. पण गाणं एकाच पानाचं आहे."