तुतीच्या गल्लीतील बाल्कनी भिंत घालून बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
कोम अल-तूत विभाग कार्यालय, इमारत सुरक्षा शाखा,
अलेक्झांड्रिया.

अर्जदार: वहीब तादरूस गिरगिस, वय ७१, निवृत्त ट्राम सांधेवाला,
घर क्र. ९, चौथा मजला, तुतीची गल्ली.

विषय: माझ्या घराची बाल्कनी विटांनी बंद करण्याचा आदेश रद्द करणे, तसेच पाहणी अहवालातील मृत्यूचे कारण दुरुस्त करणे.

संदर्भ: आपली नोटीस क्र. ३१८/बांधकाम, दि. ४ एप्रिल २००४.

महोदय,

१. मी वरील पत्त्यावर छत्तीस वर्षे राहतो. माझी पत्नी इन्साफ मंगळवार, दि. २ मार्च रोजी सकाळी अकरानंतर याच घराच्या बाल्कनीत वारली. त्यानंतर आपले इंजिनिअर येऊन पाहणी करून गेले. त्यांच्या अहवालात असे लिहिले आहे: "भरलेल्या टोपलीच्या ओढीने सदर महिला कठड्यावर ओढली जाऊन मृत्यू पावली. कठडा वाकलेला आढळला. सबब बाल्कनी वापरास धोकादायक." त्यावरून शनिवारी, १७ तारखेला, गवंडी येऊन बाल्कनीच्या दारात भिंत घालणार आहेत. हे माझ्या सुरक्षिततेसाठी आहे, असे नोटिशीत लिहिले आहे. त्याबद्दल मी आपला आभारी आहे. परंतु भिंत घालू नये, अशी माझी विनंती आहे. कारणे पुढे देतो.

२. आमच्या इमारतीला ब्याण्णव पायऱ्या आहेत. माझे दोन्ही गुडघे निकामी आहेत. इन्साफच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मला चार माणसांनी खुर्चीत बसवून खाली नेले व तसेच वर आणले. वर आणताना त्यातील एक जण म्हणाला, "अम्म वहीब, काका, पुढच्या वेळी प्रार्थनाच वर बोलवा." तो चांगला माणूस आहे, दमला होता. भाकरी, भाजी, रॉकेल, औषध, वर्तमानपत्र हे सर्व मला बाल्कनीतून दोरीला बांधलेल्या टोपलीने मिळते. आमच्या गल्लीत सगळ्यांचेच तसे आहे. बाल्कनी बंद झाली तर मी चौथ्या मजल्यावर उपाशी राहीन. ही तक्रार नव्हे, हिशेबाने तसे होते.

३. टोपलीचे काम इन्साफ करीत असे. मला त्याची सवय नव्हती, हे मी मान्य करतो. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी दोरीचे वरचे टोक बांधायचे विसरलो आणि टोपली दोरीसकट खाली गेली. खालून भाजीवाला बयूमी ओरडला, "अम्म वहीब, टोपली विकायची आहे का?" दुसऱ्या वेळी टोपली दुपारभर खाली राहिली आणि वर ओढली तेव्हा तिच्यात मांजर बसलेले होते. ते आपण होऊन जिन्याने गेले. काय मागायचे ते मला सुचत नसे, म्हणून मी चिठ्ठीवर लिहीत असे, "ती घेत असे ते." बयूमी ते पाठवतो. त्यात रोज कोथिंबिरीची एक जुडी असते. कोथिंबीर कशात घालतात हे मला माहीत नाही. सध्या स्वयंपाकघरात सव्वीस जुड्या आहेत. नको म्हणून कळवायला हवे हे मला समजते, पण तसे लिहिणे अजून झालेले नाही.

४. कठड्याचा खालचा गज वाकलेला आहे, हे खरे. तो १९७४ साली वाकला. आमचे कपडे ठेवायचे कपाट जिन्यातून येईना, म्हणून ते दोरखंडाने बाल्कनीवरून वर घेतले, आणि ते मी चुकीच्या बाजूने ओढले. इन्साफ त्या वेळी म्हणाली होती, "ट्रामचा सांधा बदलतोस की घर पाडतोस?" त्या गजाला तीस वर्षे आम्ही ओले कपडे टांगले. तो सैल नाही. इंजिनिअरसाहेबांनी हात लावून पाहिला असता तर कळले असते. ते बाल्कनीत गेले नाहीत, दारातून पाहिले. शोकाच्या घरात आपण फार फिरू नये असे त्यांना वाटले असावे. ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी शोकात देतात ती साखर न घातलेली कॉफीही तक्रार न करता घेतली.

५. आता अहवालातील कारणाबद्दल. टोपलीने ओढले ही गोष्ट इंजिनिअरसाहेबांनी काढलेली नाही. ती पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीत तयार झाली. घरात माणसे जमली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दौलतबाई रडत म्हणाल्या, "त्या मेल्या टोपलीनंच नेलं गं तिला!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. पुढे प्रत्येक येणाऱ्याला दुसरे कोणी तरी हीच गोष्ट सांगे आणि मी मान हलवीत असे. तिसऱ्या दिवशी टोपलीत दहा किलो बटाटे होते असे लोक म्हणू लागले. मी तरीही मान हलवली. इंजिनिअरसाहेबांनी वही उघडून विचारले, "टोपलीमुळेच ना?" तेव्हाही मी मान हलवली. त्यांनी ते लिहिले. म्हणजे हा अहवाल माझ्या मानेवरून झालेला आहे.

त्या दिवशी टोपलीत एक किलो टोमॅटो, सहा भाकऱ्या, हिरवा कांदा आणि कोथिंबीर होती. आमचे ईस्टरआधीचे मोठे उपवास चालू होते, म्हणून अंडी, चीज काही नव्हते. एवढ्या वजनाने मांजरही ओढले जात नाही. आरोग्य कार्यालयाच्या दाखल्यात हृदयक्रिया बंद पडली असे स्पष्ट आहे. तो सोबत जोडला आहे.

६. खरे काय झाले ते मी लिहितो. ते मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

इन्साफची भाजी घेण्याची एक पद्धत होती. टोपली खाली सोडायची, दोरीचा एक वेढा कठड्याला आणि दोन वेढे स्वतःच्या मनगटाला द्यायचे. बयूमी माल भरी. मग ती वरून वाकून पाही आणि टोमॅटो मऊ दिसले की टोपली ओढतच नसे. भांडत नसे. बाल्कनीतल्या बुटक्या स्टुलावर भिंतीला टेकून गप्प बसे. टोपली बयूमीच्या हातापाशी लटकत राही, त्याची गाडी तिच्याखाली अडे, मागची गिऱ्हाइके खोळंबत आणि शेवटी बयूमी हरत असे. तो मऊ टोमॅटो काढून घट्ट घाली, वर मिरच्या किंवा लिंबू टाकी. मग ती ओढी. टोपली दुसऱ्या मजल्यावरून जाताना दौलतबाई हात घालून एखादा टोमॅटो काढून घेत आणि म्हणत, "माझ्या खिडकीवरून जातंय, मग माझा वाटा नको?" हे आठवड्यातून चार दिवस होई. मी आत टेबलाशी बसून ऐकत असे. मला त्याची करमणूक होती.

२ मार्चला अकराच्या बातम्या लागल्या तेव्हा तिने टोपली सोडली. मी रेडिओजवळ बसलो होतो. तिने चहा ठेवला होता. थोड्या वेळाने खालून बयूमीचा आवाज आला, "सित्त इन्साफ, ओढा बाई!" ती बोलली नाही. तो म्हणाला, "आज काय खोट काढलीत? टोमॅटो दगडासारखे आहेत. डोक्यात मारून बघू का माझ्याच?" लोक हसले. ती बोलली नाही. मग दौलतबाई ओरडल्या, "अगं, माझा वाटा अडलाय खाली, ओढ की!" मग पुन्हा बयूमी, "बाई, कधी तरी मला जिंकू द्या. घरी बायको, इथं तुम्ही. मी जायचं कुठं?"

मी आतून हसत होतो. मी मोठ्याने म्हणालो, "सोडू नकोस इन्साफ. लिंबं माग."

हे माझे तिच्याशी शेवटचे बोलणे आहे. ती तोपर्यंत गेली होती की नव्हती, हे मला माहीत नाही.

बयूमी आणखी काही वेळ ओरडला. त्यानंतर म्हणाला, "घ्या! दोन लिंबं टाकली. झालं समाधान?" मला आनंद झाला. माझ्या सांगण्याने लिंबे मिळाली असे वाटले. तरीही टोपली वर आली नाही. बातम्या संपल्या, हवामान सांगून झाले. पहिल्या हाकेपासून चौदा मिनिटे झाली होती. मी उठलो, ते तिला पाहायला उठलो नाही. चहा उतू जाऊन जळल्याचा वास आला म्हणून उठलो. आधी मी स्टोव्ह बंद केला. भांडे उचलून बाजूला ठेवले. मग तिला विचारायला गेलो की चहाकडे लक्ष का नाही.

ती स्टुलावर बसलेली होती, भिंतीला टेकून, नेहमीसारखी. ती कठड्याला टेकलेलीसुद्धा नव्हती. दोरी मनगटाला होती. मी वेढे सोडवले तेव्हा माझ्या हातून दोरी सुटली आणि टोपली खाली आपटली. बयूमी खालून चिडून ओरडला, "लिंबं देऊनसुद्धा परत?"

७. यात बाल्कनीचा, कठड्याचा, दोरीचा किंवा टोपलीचा दोष कोठे आहे, ते आपण ठरवावे. मला दिसत नाही. बयूमीचाही नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाला चौथा मजला दिसत नाही. बाल्कनीच्या दारापासून माझी खुर्ची सात पावलांवर होती, आणि गुडघे असे असले तरी सात पावले मला येतात.

मी डॉक्टरांना विचारले होते की लगेच उठलो असतो तर काय झाले असते. ते म्हणाले, "अम्म वहीब, असलं काही विचारू नये." हे उत्तर नाही. ट्राम दुसऱ्या रुळावर वळवायच्या सांध्यावर मी एकतीस वर्षे काम केले. तिथे घंटा झाली की उठायचे असते. नेहमीचीच आहे, असे म्हणायचे नसते. त्या एकतीस वर्षांत एकदाही मी बसून राहिलो नाही.

८. शेजारी मला सांगतात की नोटिशीवर सही करून मोकळा हो, भिंत झाली तर निदान डास येणार नाहीत. दौलतबाई म्हणाल्या की, जिथे ती गेली ती जागा रोज डोळ्यांपुढे कशाला. त्यांचा हेतू चांगला आहे. आपल्या कार्यालयाचाही चांगला आहे. पण भिंत झाली की टोपलीची गोष्ट कायमची खरी होईल. कोणी घरी आले की भिंत पाहील, मला विचारील आणि मला मान हलवावी लागेल. सहा आठवडे मी ती हलवली. आता यापुढे हलवणार नाही.

९. तरी माझी विनंती अशी:

(अ) शनिवारी गवंडी पाठवू नयेत. मला जेवण तिथूनच येते.

(ब) अहवालात "टोपलीच्या ओढीने" हे शब्द खोडून त्या जागी पुढीलप्रमाणे लिहावे: "पती घरात होता. हाका ऐकत होता. उठला नाही." या मजकुराखाली मी सही करण्यास तयार आहे. कारकुनाने कागद घेऊन खाली उभे राहून आवाज द्यावा, मी टोपली सोडीन.

(क) अशी नोंद करण्यासाठी नमुन्यात रकाना नसेल तर तो पाडावा. इंजिनिअरसाहेबांना बोल लावू नये. त्यांना मी फसवले.

या नोंदीमुळे माझ्यावर काही कारवाई होणार असेल तर ती करावी. माझी हरकत नाही. फक्त ती बाल्कनीवर करू नये.

आपल्या उत्तराची वाट पाहत,

वहीब तादरूस गिरगिस
(सही)
अलेक्झांड्रिया, बुधवार, दि. १४ एप्रिल २००४

सोबत जोडलेली कागदपत्रे:

१) आरोग्य कार्यालयाचा मृत्यूचा दाखला, प्रत एक.

२) दौलतबाई यांचे निवेदन, की टोपलीत बटाटे नव्हते. टोमॅटो त्या नेहमी काढून घेत असत हे लिहिण्यास त्यांनी प्रथम नकार दिला, नंतर लिहिले व खूप रडल्या.

३) भाजीविक्रेता बयूमी यांचे निवेदन, सहीसह. त्यांनी त्या दिवशी पाचच मिनिटे हाका मारल्या असे सांगितले आहे. हा अर्ज मी त्यांना वाचून दाखवल्यानंतर त्यांनी तसे सांगितले. ते माझ्यावरील दयेपोटी आहे. तो आकडा ग्राह्य धरू नये. चौदा धरावा.