तळ्यावरची गौर

मु. खोरीवाडी, ता. शिराळा
शनिवार, १३ सप्टेंबर १९७५

चि. सौ. बनू हिस लीलावहिनीचा आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या दादाचा गुडघा दुखतो, पण तो काम निघालं की जास्त दुखतो, तेव्हा काळजी नको. म्हैस व्याली, रेडी झाली. आष्ट्यात जावईबापू आणि पोरं बरी असतील.

आता मुद्द्याचं. बनू, तुला काही अक्कल आहे का गं?

परवा आम्ही पाचजणी गौर आणायला तळ्यावर गेलो. पूर्वी ओढ्यावर जायचो, आता तळ्यावर जातो. बांधावर तेरडा नुसता माजलाय, खालच्या अंगाला सोनकी पिवळीधमक. शिराळ्याहून मास्तर लोक शाळा घेऊन येतात, पायवाटेनं हिंडतात आणि "किती रमणीय" म्हणतात. दुष्काळात ह्याच बांधाची खडी आम्ही फोडत होतो, तेव्हा एक मास्तर फिरकला नाही. असो.

तेरडा उपटला, धुतला, तांब्यात खोचला, तळ्याच्या पाण्याची चूळ तोंडात धरली आणि निघाले. गौर उंबऱ्याच्या आत येईपर्यंत चूळ टाकायची नाही, बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. हे मी तुला सांगावं? लग्नाआधी चार वर्षं ह्या घराची गौर तूच आणत होतीस. एकदा वाटेत बेडूक बघून फिस्सकन हसलीस, तर सासूबाईंनी तुला परत ओढ्यावर पिटाळलं होतं.

आणि तीच तू, फाट्याची पायवाट बांधाला मिळते तिथं, हातात पिशवी घेऊन उभी. दोन वर्षांनी! म्हणालीस, "वहिनी, आले गं. येऊ न्हवं घरला?"

मी काय बोलणार, कपाळ? माझे फुगलेले गाल दिसले नाहीत तुला? दोन्ही हातांत तांब्या. डोळे मोठे केले, मान हलवली. तू म्हणालीस, "अजून राग हाय व्हय? ऱ्हाऊ दे मग," आणि आल्या वाटेनं चालू लागलीस.

घरी पोचले तर शेजारची धोंडुबाई दारात माझे पाय धुवायला. एरवी वाऱ्यासारखी पळणारी बाई, त्या दिवशी एकेक बोट धूत बसली. हळद झाली, कुंकू झालं. आत पाऊल टाकलं, चूळ थुंकली आणि तशीच फाट्यावर धावले. गाडी गेलेली.

तुझा दादा म्हणतो, "आगं, हातानं तरी खुणवायचं हुतं." म्हटलं, "तुमी धरा तांब्या आन् खुणवा."

एवढं सगळं तुझ्यावर चिडून लिहिलं. पुढं मात्र हात चालेना. मघाशी गौर बोळवून आले, तेव्हापासून कागद समोर घेऊन बसले आहे.

बनू, चूळ टाकता आली असती. तळं पाठीमागंच होतं. गेले असते परत, धरली असती दुसरी, गौर काही कोपली नसती. पण तुला बघितलं आणि वाटलं, तोंड भरलंय ते बरंच आहे. मोकळं असतं तर पहिल्यांदा माफी मागावी लागली असती.

सासूबाई गेल्यावरच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात तू पोरं घेऊन आलीस आणि थेट खडीवर मला भेटायला आलीस. मी हातोडी खाली न ठेवता म्हणाले, "आत्ती गेल्या, तुजं म्हायार सपलं. आता कशाला येतीस?" चार बायकांसमोर म्हणाले. तू पोरांना पाणीसुद्धा न पाजता गेलीस. घरात दाणा नव्हता, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगते आहे. तुझ्या घरात तरी कुठं होता? म्हणून तर आली होतीस.

चुकले मी.

हे पत्र सोमवारी मिळेल. मंगळवारी पहिल्या गाडीनं मी तुला न्यायला येते. न्यायला भावानं यावं अशी रीत आहे, पण तो बोलला नव्हता, मी बोलले होते. दार उघडलं नाहीस तर बाहेर कट्ट्यावर बसेन. तुझ्या गल्लीतल्या बायका विचारतील, कोण गं तुमी? त्यांना सगळं सांगेन. मी काय म्हणाले होते तेही, मोठ्यानं.

तुझ्या माहेरची,
लीला