कचऱ्याच्या गाडीतून आत्याचा आवाज

चियायी, शुक्रवार

आदरणीय पिंगतुंगच्या आत्यास पेई-चूनचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? मी बरी आहे. नोकरीही, निदान हे लिहीपर्यंत, आहे. (फोन केला नाही, कारण फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तुझं सुरू होतं.)

आमच्या कचेरीत कचऱ्याच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितात, हे तुला ठाऊकच आहे. कुठली गाडी कुठल्या गल्लीत किती वाजता जाणार आणि कुठला सूर वाजवणार, ते सगळं आम्ही ठरवतो. तपासणीत तोच सूर दिवसाला दोनशे वेळा ऐकून माझे दात दुखायला लागले, म्हणून मी तात्पुरता त्याच्या जागी फोनवरचा तुझा निरोप घातला. (तोच, "अगं ए, उठलीस का? काही खाल्लंस का? आणि ती ओली छत्री घरात आणू नकोस!") मंगळवारी आमचे लियाओ साहेब धावत आले आणि म्हणाले, एका गाडीचं नवं वेळापत्रक आत्ताच्या आत्ता पाठव. माझ्याकडे बदल दोन होते: वेळापत्रक आणि तू. अशा वेळी अर्धवट बदल तेवढे निवडून बाजूला ठेवता येतात, बाकीचे पाठवायचे, मग बाजूचे परत काढायचे. संगणक एकेका फाइलीबद्दल विचारतो, "ही बाजूला ठेवू?" मी घाईत वाचलं, "ही पाठवू?" वेळापत्रकाला हो म्हटलं, तुला नाही. झालं! वेळापत्रक राहिलं बाजूला आणि तू निघालीस गावात.

साडेपाचला त्या गाडीच्या चालकाचा फोन. "बाई, गाडी मला रागावतेय, काय करू?" मी स्कूटर काढून पळाले. पाहते तर काय, एरवी पंधरा मिनिटं रेंगाळणारी गल्ली तीन मिनिटांत हजर! निवृत्त हेडमास्तर गाओ दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून "आलो, आलो!" म्हणत धावत होते. तिघांनी छत्र्या बाहेर आणून ठेवल्या होत्या. टर्की-भातवाली वांग बाई तर डोळे पुसत म्हणाली, "गाडीनं विचारलं गं, काही खाल्लंस का म्हणून. सुनेनं कधी विचारलं नाही!"

बुधवारी साहेबांनी मला आत बोलावलं. नगरपालिकेकडे अकरा तक्रारी आल्या होत्या. मी टेबल आवरायलाच घेतलं होतं. पण त्यातल्या नऊ तक्रारी शेजारच्या गल्ल्यांतल्या निघाल्या: आम्हाला का नाही रागावत?

तुझी,
पेई-चून

ता. क. खरं काम असं की नगरपालिकेला तू सगळ्या गावासाठी हवी आहेस. "बाटल्या आज, कागद उद्या" एवढंच म्हणून पाठव, पण त्याच रागात. (मी साहेबांना सांगितलंय की तू व्यावसायिक कलावंत आहेस.) सभ्यपणे बोललीस तर माझी नोकरी गेली.

ता. क. २. त्यासाठी आतोबांना मी फोन करून ठेवलाय. हे पत्र वाचून होईपर्यंत त्यांनी ओला टॉवेल तुझ्या गादीवर टाकलेला असेल. आत जाऊन बघ. पण आधी रेकॉर्डिंगचं बटण दाब, मग तोंड उघड.