हरकत नसल्यास मान्य

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
निवृत्तीला सात महिने झाले. आजपासून लेकीचा प्रश्न हाती घेतला. तीन वर्षं ती या घरात आलेली नाही. फोनवर बोलते ती फक्त बापाशी. सीमेवर गोळीबार चालू असताना मी दोन देशांना एका टेबलाशी बसवलं आहे. ही तर पोटची पोर. दोन आठवडे पुष्कळ.

संध्याकाळी ५.
मसुदा तयार. लेक, जावई आणि नात यांनी आमच्याकडे वरच्या मजल्यावर कायमचं राहायला यावं. शनिवार १६, सकाळी दहा. कलमं अकरा. टीव्हीचा आवाज, कलम सात. शेवटी आमच्या परराष्ट्र खात्यातली नेहमीची ओळ: 'रविवारी संध्याकाळी सहापर्यंत हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल.' या एका ओळीवर मी कितीतरी करार तडीस नेले. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि बहुतेकांना ते जमत नाही.
हे म्हणाले, अगं, नुसता फोन कर, कशी आहेस विचार. यांना कामाची पद्धत कधी कळलीच नाही. चौतीस वर्षं माझ्याबरोबर पार्ट्यांना आले, पण लक्ष सगळं खाण्याकडे.

गुरुवार, ७ मार्च.
लेकीने मसुद्याचा मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. उत्तम.

रविवार, १० मार्च. ६.०५.
पाच मिनिटांची सवलतही दिली. हरकत नाही. मान्य!
हे म्हणाले, ती गप्प आहे कारण ती चिडली आहे. म्हटलं, चिडलेली माणसं बोलतात. हे म्हणाले, मी बोललो का कधी?
अर्थ लागला नाही. थकले असावेत.

मंगळवार, १२ मार्च.
नातीच्या पलंगासाठी सुतार बोलावला. विचारतो, बाई, पोरीची उंची किती? मला आठवते ती टेबलाएवढी. हे म्हणाले, छे, आता माझ्या खांद्याला लागते. यांना कसं माहीत? दर महिन्याला दातांच्या डॉक्टरकडे म्हणून जातात, ते लेकीकडे. तरीच दात सुधारत नव्हते.

शनिवार, १६ मार्च. दुपारी ३.
दहापासून फाटकात उभी आहे. शेजारीण विचारून गेली, कुणाची वाट बघताय? म्हटलं, सामानाच्या ट्रकची. ट्रॅफिकमध्ये अडकला असणार.

रविवार, १७ मार्च.
काल कुठेच ट्रॅफिक नव्हतं. पेपरात पाहिलं.

सोमवार, १८ मार्च.
लेकीचा फोन. यांना नाही, मला! म्हणाली, आई, मी नऊ शाळा बदलल्या. दर बदलीला जेवणाच्या टेबलावर तू विचारायचीस, कुणाची हरकत? तीनपर्यंत मोजायचीस आणि बॅगा काढायचीस. सात वर्षांची होते मी. रडू आवरताना बोलता येत नाही, एवढंही तुला कळू नये? मग फोन ठेवला.
चर्चा स्पष्ट आणि मोकळ्या वातावरणात झाली.
यांना विचारलं, मी खरंच तीनपर्यंत मोजायचे? हे म्हणाले, हो. आणि फार भरभर.

बुधवार, २० मार्च.
सुताराला निरोप पाठवला, घाई नाही. तो म्हणाला, पलंग तर झाला बाई. वर चढवून गेला. खोलीत जाऊन बसले. आणखी एखादा मसुदा? कलमं कमी करून? टीव्हीचं काढून टाकता येईल.
काही सुचलं नाही. असं कधी झालं नव्हतं.

गुरुवार, २१ मार्च. सकाळी ११.
मीच फोन केला. मसुदा नाही, मुदत नाही. म्हटलं, तुला भेटायला येऊ का? आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.
ती म्हणाली, आत्ता नको, आई.
'आत्ता' म्हणजे पुढे वाव आहे. शिवाय 'आई' म्हणाली, तेही नोंदवण्यासारखं. लगेच टिप्पणी लिहायला घेतली. तीन पानं झाली.
दुपारी सगळी वाचून काढली. ती नको म्हणाली, एवढंच त्यांत होतं.