समाजमंदिरातली गार खोली

अम्मा, घरात आपण तेलुगूच बोलायचो आणि तुला मराठी वाचता येत नव्हतं, तरी हे मराठीत लिहितेय, कारण मला लिहिता येते ती एवढी एकच भाषा. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. आता मी एका संस्थेत आहे आणि उन्हाळाभर लोकांना उन्हापासून वाचवायचं काम करते. हसू नकोस. सोलापूरचं ऊन काही तू असतानाचं राहिलेलं नाही. मी पत्रकं वाटते, आणि आपल्याच विडी वसाहतीतल्या समाजमंदिरात सरकारी योजनेतून केलेली गार खोली सांभाळते. दोन कूलर, एक माठ, आठ-दहा खुर्च्या. किल्ली माझ्या कमरेला असते.

पत्रकातला मजकूर माझाच. 'दुपारी घरातच थांबा, पंखा लावून बसा.' जन्मभर तुझ्या शेजारी बसून विड्या वळलेल्या अक्काला मी तो मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. तिच्या मांडीवर तंबाखूचं सूप, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं, डोक्यावर तापलेला पत्रा. ती खो खो हसली. "अगं, तू विड्या वळणारीचीच पोर न्हवं? पंखा लावल्यावर सुपातला तंबाखू कोण धरंल, तुजा सायेब?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवतं तुला? मी सात-आठ वर्षांची आहे. मे महिना, दार-खिडक्या लावलेल्या, पंखा बंद आणि तू सकाळपासून एका जागी बसलेली. तुझ्या मानेवरचे घामाचे ओघळ मला बघवत नाहीत म्हणून मी खुर्चीवर चढते आणि बटण दाबते. तंबाखू घरभर होतो, डोळ्यांत जातो, डाळीच्या पातेल्यात पडतो. तू अशी थोबाडीत ठेवून देतेस की माझा कान वाजतो. मग शिंकत, रडत आपण दोघी फरशीवरून तंबाखू गोळा करतो. जरा वेळानं तू पानांवरचं ओलं गोणपाट काढतेस आणि माझ्या डोक्यावर घालतेस. पानं वाळली की वळताना फाटतात, हे तेव्हाही मला कळत होतं. त्या दिवशी कारखान्यात तुझ्या कितीतरी विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या. एवढं सगळं डोक्यात असून मी 'पंखा लावा' लिहिलं, अम्मा. मला माझाच राग येतो.

म्हणून अक्काला म्हटलं, खोलीत येऊन बस. तर ती म्हणाली, "येते की. सूप घिऊन एका कोपऱ्यात बसते, कुणाला तरास न्हाय." आणि खोलीच्या दारावर पाटी आहे, तंबाखूला सक्त मनाई. ती पाटी मीच लावलीय. संस्थेतल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, सार्वजनिक जागा आहे, नियम म्हणजे नियम. माणूस वाईट नाही. नियमही वाईट नाही, म्हणून तर भांडायचं कुणाशी ते कळत नाही. मी अक्काला नाही म्हणाले. "मग मोकळ्या हातानं यिऊन काय करू? हात हालला तर चूल पेटती," म्हणाली आणि गेली. परवा दुपारी ती सुपावरच कलंडली. दवाखान्यातून आली ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पत्र्याखाली बसली. मला इकडे आड, तिकडे विहीर. सूप आत घेतलं तर खोलीला कुलूप लागेल, नाही घेतलं तर खोली कुणाची?

दुपारभर तिथं मी एकटीच बसते. किती जणी येऊन गेल्या त्याची वही असते, नाव आणि पुढं सही. पान कोरं राहिलं तर गरज नाही म्हणून खोली बंद करतील. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. काल वहीच्या पहिल्या ओळीत मी तुझं नाव लिहिलं. तुला सही येत नव्हती, म्हणून पुढं अंगठा उठवला. माझाच.