कापलं तरी उगवतंच की

प्रिय दादा,

माझं यकृत तुला चालणार नाही असं काल डॉक्टरांनी सांगितल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. वहिनी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी मुद्दामच चुकीचं यकृत घेऊन जन्माला आले. मी तशीच निघाले. जे बोलायचं होतं ते आता लिहिते आहे, कारण समोर असलास की तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

निदान झाल्यापासून तू एकच पालुपद लावलं होतंस: तुझंच तर शास्त्र आहे हे, कापलं तरी उगवतंच की. आयुष्यभर माझ्या कामाला 'गटारातले किडे' म्हणालास आणि गरज पडली तेव्हा तेच किडे साक्षीला काढलेस. मग नीट ऐक. माझ्या चपट्या कृमीचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याला नवं डोकं, नवी शेपटी येते, कारण त्याच्या अंगभर अशा पेशी विखुरलेल्या असतात ज्यांना शरीराचा कुठलाही भाग होता येतं. आपल्यात ती सोय नाही. आपली मोठी जखम भरते ती व्रण ठेवूनच. यकृत तेवढं वाढतं, पण कापलेला भाग तेही परत आणत नाही. उरलेला भाग फुगतो आणि सगळं काम एकटा ओढतो. हे डॉक्टरांनी तुला समजावलं होतं. तू 'वाढतं' एवढंच ऐकलंस.

प्रयोगशाळेत रंगकाम चालू होतं तेव्हा मी कृमी घरी आणले होते. तू आलास आणि ओट्यावरच्या त्यांच्या रिकाम्या वाट्या हौसेने साबणाने घासून ठेवल्यास. साबणाचा अंशही त्यांना सोसत नाही. मी पाणी बदलून त्या वाट्यांत सोडलेले सगळे कृमी विरघळून गेले. तू हसत म्हणालास, येतील की परत.

आईच्या आजारपणात म्हणालास, तुला कुठे संसार आहे, तू निभावशील. निभावलं. बढती गेली, पाठ कायमची धरली, आणि ज्याच्याशी लग्न करायचं होतं तोही वाट बघून कंटाळला. यातलं काहीही परत आलेलं नाही, आणि तू कधी विचारलंही नाहीस.

तुझा मुलगा धडधाकट आहे, रक्तगटही तुझाच. त्याची साधी तपासणी तू करू दिली नाहीस. त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे, म्हणालास. माझ्या दंडातून रक्त काढत होते तेव्हा, माझ्यादेखत म्हणालास, दादा. मला त्याचा फार राग आला, अजून आहे.

दात्याला डॉक्टर एकदा एकट्याला आत घेतात, दार लावतात आणि विचारतात, मनापासून देताय ना? नाही म्हटलं तर घरच्यांना 'जुळत नाही' एवढंच सांगतात, नात्यात वितुष्ट नको म्हणून. माझं यकृत तुला जुळतं. मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी घातलेलं पांघरूण घेऊन मी गप्प राहू शकले असते, पण मग तू नशिबाला बोल लावत कुणा परक्याच्या यकृताची वाट बघत बसशील, आणि तेवढा वेळ तुझ्याकडे नाही. मुलाला विचार. त्याला विचारायला तुझी जीभ रेटणार नाही, ठाऊक आहे मला. मला विचारताना ती अडखळलीसुद्धा नव्हती.

तुझीच,
धाकटी